लाईन आली, म्हणजे नेमकं काय आलं?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं माहेर पुण्याचं, सासर चोपड्याकडचं. दीर फोनवर म्हणाले, "आज रातची लाईन आहे, केळीला पाणी द्यायला निघालो." ही लाईन कसली, आणि असं म्हणणं चूक का, असं त्या विचारतात.

ताई, ही लाईन विजेची. शेतीपंपाची थ्री फेज वीज, म्हणजे मोटर चालवायला लागते ती तीन तारांतली वीज, पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून दिवसाची लाईन, रातची लाईन. घरात बल्ब जळत असला तरी शेतकरी 'लाईन नाही' म्हणतो, कारण त्याच्या लेखी मोटर चालते तीच लाईन. धुळ्याकडे अहिराणीत 'लाईन गयी' (गेली), 'लाईन उनी' (आली) असं ऐकाल.

चूक तर मुळीच नाही. इंग्रजीत विजेची तार म्हणजे लाईन. आपण तारेचं नाव तारेतून येणाऱ्या विजेला दिलं. 'नळ आले' म्हणतो तेव्हा नळ कुठे येतो? तो भिंतीलाच असतो, येतं ते पाणी. मराठीची ही जुनी खोड आहे आणि मला ती फार आवडते. लिंगही बघा: ओळ, रांग, रेघ, तार, वीज सगळ्या स्त्रीलिंगी, म्हणून लाईनही 'ती' झाली.

मुळात हा शब्द धाग्याचा. लॅटिनमध्ये 'लिनुम' म्हणजे जवस, आणि जवसाच्या वाखाचा धागा तो 'लिनेआ'. लिनन कापड आणि कपड्याचं अस्तर म्हणजे लायनिंग, हे त्याच घरचे. धागा ताणला की सरळ रेघ मिळते, तिथून ओळ, कवितेची ओळ, मार्ग असे अर्थ निघाले. इंग्रजीत आजही गळाची दोरी आणि कपडे वाळत घालायची दोरी या लाईनच. आपल्याकडचा गवंडी विटांच्या थराला लाईनदोरी बांधतो ना, त्यात तो सगळ्यात जुना अर्थ रोज वापरात आहे.

बाकीचे अर्थ सोपे. भुसावळला 'नागपूर लाईन' की 'इटारसी लाईन' विचारलं तर रूळमार्ग. 'पोरगा कोणत्या लाईनला आहे?' म्हणजे कामधंदा. हा अर्थ थेट इंग्रजीतला. रेशनच्या दुकानापुढची लाईन मात्र गमतीची: रांगेला इंग्रज 'क्यू' म्हणतो, 'लाईन' म्हणतो तो अमेरिकन. डेडलाईनही अमेरिकेचीच. 1864 मध्ये, तिथल्या यादवी युद्धात, तुरुंगातल्या ज्या रेषेपलीकडे पाऊल टाकणाऱ्या कैद्याला गोळी घालत, ती डेडलाईन.

अर्ज लिहिताना 'वीजपुरवठा' लिहा. दिरांशी बोलताना मात्र 'लाईन किती वाजेपर्यंत आहे?' असंच विचारा. ते घरी कधी परततील तेही त्यातच कळेल.