गाइडिंग अचूक, तरी तारे लांबट

प्रश्न : कास पठारावरून १३५ मिमी लेन्सने टिपलेल्या ५ मिनिटांच्या फ्रेममध्ये, गाइडिंगचा (ताऱ्याचा माग अचूक राहावा म्हणून सतत होणाऱ्या दुरुस्तीचा) आलेख स्थिर असूनही तारे लांबट का येतात? – एक वाचक, सातारा

उत्तर : लांबट तारे एकाच कोपऱ्यात असतील तर लेन्स बहुधा सेन्सरसमोर तिरकी बसली आहे, परंतु ते संपूर्ण चौकटीत एकाच दिशेने ताणलेले असतील, तर माउंट (कॅमेरा ताऱ्यांच्या गतीने फिरवणारा यांत्रिक आधार) फिरत असताना कॅमेऱ्याच्या तळाच्या एकट्या स्क्रूवर तोललेली जड लेन्स किंचित कलते आणि हे कलणे गाइड दुर्बिणीला (ताऱ्याचा माग ठेवणाऱ्या छोट्या दुर्बिणीला) दिसतच नाही. लेन्स दोन कड्यांत पकडून ती कडी व गाइड दुर्बीण एकाच जाड पट्टीवर घट्ट बसवावीत. लोंबत्या केबलही बांधाव्यात. ४ मायक्रॉनच्या पिक्सेलवर ही लेन्स प्रतिपिक्सेल सुमारे ६ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) टिपते, म्हणजे लहानसहान चूक एका पिक्सेलमध्येच सामावते; त्यामुळे माउंटचा अक्ष ध्रुवाकडे काटेकोरपणे रोखून एकेका मिनिटाच्या अनेक फ्रेम एकत्र करणे मला अधिक श्रेयस्कर वाटते.