कॅलिफोर्नियात येऊन चारच महिने झाले असतील, तर तिथे परस्पर दोषारोप न करता घटस्फोटाचा अर्ज करता येतो का?

आपण दिलेल्या माहितीनुसार आपले लग्न पुण्यात हिंदू विवाह कायद्यान्वये झाले, त्यानंतर तीन वर्षे आपण दोघे न्यू जर्सीत राहिलात, आणि चार महिन्यांपूर्वी आपण नोकरीनिमित्त एकट्याच सॅन होजेला आलात. मी पुण्यात कौटुंबिक न्यायालयात वकिली करतो आणि परदेशातील हुकूमनामे घेऊन येणारे अनेक पक्षकार पाहतो, म्हणून सविस्तर लिहितो.

कॅलिफोर्नियात आज अर्ज करता येणार नाही. अर्जापूर्वी पती-पत्नींपैकी एकाचे राज्यात सलग सहा महिने आणि संबंधित काउंटीत, म्हणजे आपल्या बाबतीत सँटा क्लारात, तीन महिने वास्तव्य असावे लागते. त्याशिवाय पतीवर नोटीस बजावल्यापासून किमान सहा महिने गेल्याखेरीज विवाह संपुष्टात येत नाही. हे दोन सहा महिने वेगळे आहेत, आणि लोक हमखास त्यांची गल्लत करतात. आपला व्हिसा तात्पुरता असला, तरी तेवढ्यावरून तिथले न्यायालय आपल्याला रहिवासी मानणे नाकारत नाही. कायदेशीर विभक्ततेच्या अर्जाला मात्र वास्तव्याची ही अट नाही; तो आधी दाखल करून, मुदत भरल्यावर त्याचे घटस्फोटाच्या अर्जात रूपांतर करता येते.

तरीही माझ्या मते आपण घाई करू नये, कारण आपले पती कॅलिफोर्नियात कधी राहिलेलेच नाहीत. अशा वेळी तिथले न्यायालय विवाह मोडू शकते, पण पतीवर अधिकारक्षेत्र नसल्यास पोटगी किंवा मालमत्तेबाबत त्यांना आदेश देऊ शकत नाही. न्यू जर्सीत दोघांपैकी एकाचे वर्षभराचे वास्तव्य पुरते, ते आपल्या पतींचे आहेच, आणि सहा महिने न मिटणारे मतभेद असतील तर कोणावरही दोष ठेवावा लागत नाही. पैशांचा प्रश्न असेल, तर दावा तिथेच लावणे शहाणपणाचे ठरेल.

आता भारताची बाजू. नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या खटल्यात लग्न तिरुपतीला झाले होते, आणि पतीने मिसुरी राज्यात ९० दिवसांचे वास्तव्य दाखवून विवाह कायमचा मोडल्याच्या कारणावरून हुकूमनामा मिळवला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो ग्राह्य धरला नाही. ज्या कायद्याने लग्न झाले त्यात नसलेल्या कारणावर परदेशी न्यायालयाने दिलेला घटस्फोट, दुसऱ्या पक्षाची संमती नसेल तर, येथे टिकत नाही, असे त्या निकालाचे सार आहे. आणि ‘न मिटणारे मतभेद’ हे कारण हिंदू विवाह कायद्यात आजही नाही. म्हणजे तिकडच्या कायद्याने मोकळे झालेले जोडपे इकडच्या कायद्याने विवाहितच राहू शकते, आणि पुढे कोणी पुनर्विवाह केला की त्याची खरी झळ बसते.

म्हणून पतींची तयारी असेल, तर न्यू जर्सीतील दाव्यात त्यांनी वकिलामार्फत हजर राहून लेखी संमती नोंदवावी आणि ती हुकूमनाम्यात स्पष्ट नमूद करून घ्यावी. दुसरा मार्ग पुण्यात परस्परसंमतीने अर्ज करण्याचा. लग्न येथे लागल्यामुळे अधिकारक्षेत्राची अडचण नाही आणि येथे किती काळ राहिलात हेही कोणी विचारत नाही. फक्त अर्जापूर्वी किमान वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते. त्यानंतरची सहा महिन्यांची मुदत न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकते, हे अमरदीप सिंग प्रकरणात २०१७ मध्ये स्पष्ट झाले आहे. पती संमती देणार नसतील, तर मात्र अमेरिकेत अर्ज करण्यापूर्वीच दोन्हीकडच्या वकिलांना एकत्र बोलायला लावा.