वाचकांचे प्रश्न : ३६०० लिहिलेली रॅम २६६६ वर का चालते?

प्रश्न : मुलीच्या अभ्यासासाठी आणि थोड्याफार व्हिडिओ संपादनासाठी मी सुटे भाग घेऊन संगणक जोडून घेतला. त्यात रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम आहेत. रॅमच्या खोक्यावर ३६०० लिहिले आहे. परंतु विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये २६६६ दिसते आणि सीपीयू-झेड या संगणकाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तर १३३३ च. दुकानदार म्हणतात, सगळ्यांचे असेच दिसते. मला हलका माल दिला गेला आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली फसवणूक झालेली दिसत नाही, मात्र दुकानदारांचे उत्तरही पुरेसे नाही. आधी १३३३ चा खुलासा करू. डीडीआर प्रकारच्या मेमरीत घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती पाठवली जाते. सीपीयू-झेड सेकंदाला किती दशलक्ष ठोके पडतात ते मोजते, टास्क मॅनेजर माहितीच्या किती दशलक्ष खेपा होतात ते मोजतो. त्यामुळे १३३३ आणि २६६६ ही एकाच वेगाची दोन मापे आहेत. खोक्यावरचा ३६०० हा आकडाही खेपांचाच आहे, म्हणून पूर्ण वेग मिळाल्यावर सीपीयू-झेडमध्ये १८०० च्या आसपास दिसायला हवे.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक रॅमवर एक छोटी चिप असते आणि ती रॅम कोणत्या वेगाला, किती व्होल्टला चालवायची याचे तक्ते त्या चिपमध्ये नोंदलेले असतात. त्यांतले काही तक्ते जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांनुसार असतात. डीडीआर४ साठी ते १.२ व्होल्टचे असून त्यांचा सर्वोच्च वेग ३२०० आहे, म्हणजे ३६०० हा वेग त्या मानकात बसतच नाही. तो रॅम बनवणाऱ्या कंपनीने स्वतः तपासलेला, बहुधा १.३५ व्होल्टचा वेगळा तक्ता असतो आणि इंटेलने रूढ केलेल्या एक्सएमपी या नावाने तो त्याच चिपमध्ये साठवलेला असतो. संगणक पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्ड जेडेकचा तक्ता उचलतो, आणि माझ्या मते ते योग्यच आहे, कारण कोणताही प्रोसेसर व कोणतीही रॅम एकत्र आली तरी संगणक निदान सुरू व्हायला हवा. वरचा तक्ता लागू करणे हे वापरणाऱ्याचे काम आहे. संगणक जोडून देणाऱ्याने ते करून द्यावे किंवा निदान सांगावे, ही अपेक्षा मात्र रास्त आहे.

संगणक सुरू होताना डिलीट कळ दाबून बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये जा आणि एक्सएमपी शोधा. आसुसच्या काही बोर्डांवर त्यालाच डीओसीपी, तर एमएसआयच्या काही बोर्डांवर ए-एक्सएमपी म्हणतात. तो पर्याय चालू करून एफ१० ने बदल जतन करा. त्यानंतर पडदा काही वेळ काळा राहील, संगणक कदाचित एकदोनदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होईल. नव्या वेगाला रॅमशी जुळवून घेण्याचे काम त्या वेळी चालू असते, म्हणून घाबरून पॉवरचे बटण दाबू नका.

आपल्या प्रोसेसरसाठी एएमडीने अधिकृतपणे दिलेला वेग ३२०० आहे. ३६०० वर तो बहुतेक वेळा चालतो, शिवाय तेव्हा प्रोसेसरमधील इन्फिनिटी फॅब्रिक (त्याचे अंतर्गत भाग जोडणारा माहितीमार्ग) १८०० वर, म्हणजे रॅमच्या ठोक्याशी बरोबरीने चालते आणि ही जोडी उत्तम मानली जाते. परंतु त्याची हमी कोणी देत नाही. इंटेल व एएमडी दोघेही याला ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने चालवणेच समजतात.

लाभ किती, हे आपण विचारलेले नाही, तरीही सांगणे गरजेचे आहे. दोन रॅम मिळून माहिती वाहण्याची कमाल क्षमता २६६६ वर सेकंदाला सुमारे ४२.७ जीबी असते, ३६०० वर ती ५७.६ जीबी होते. लेखन, इंटरनेट यांत हा फरक जाणवणार नाही. काही गेम्स आणि मोठी माहिती सतत हलवणारी कामे यांत जाणवेल. आपल्याकडे ५६००जी असता, तर त्यातील अंगभूत ग्राफिक्स हीच रॅम वापरत असल्याने फरक ठळक दिसला असता.

वेग वाढवल्यावर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून संगणक सुरू करा आणि चाचणी रात्रभर चालू द्या. ही पायरी कृपया टाळू नका. विंडोज नीट उघडली म्हणजे रॅम नीट चालते असे नाही. रॅममध्ये एखादा बिट चुकला, तर चुकलेली माहितीच फाइलमध्ये जतन होते आणि संगणक त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. आपल्या मुलीचा प्रकल्प महिनाभराने उघडेनासा झाला, तर कारण सापडणारही नाही. चाचणीत एक जरी चूक दिसली, तरी तो वेग त्या संगणकाला पेलत नाही असे समजावे. मग एक्सएमपी चालू ठेवूनच वेग ३४६६ किंवा ३२०० वर आणावा आणि पुन्हा चाचणी घ्यावी. निर्दोष चालणारे ३२०० हे चुका करणाऱ्या ३६०० पेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

प्रश्न : माझ्या संगणकात ३२०० च्या दोन रॅम एक्सएमपीवर उत्तम चालत होत्या. दुसऱ्या कंपनीच्या तेवढ्याच वेगाच्या आणखी दोन बसवल्यापासून एक्सएमपी चालू करताच पडदा काळाच राहतो. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : संगणक बंद करून, प्लग काढून, मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायॉसमध्ये जतन केलेले बदल पुसून टाका; संगणक जेडेकच्या वेगावर पुन्हा सुरू होईल. खोक्यावरचा वेग हा त्या खोक्यातल्या रॅमपुरता तपासलेला असतो. दोन वेगळ्या जोड्या एकत्र चालतील, असे कोणीच तपासलेले नसते. शिवाय चार रॅम म्हणजे प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरवर, म्हणजे रॅम सांभाळणाऱ्या भागावर, जास्त भार. रायझन ७००० मालिकेत एएमडीने दोन डीडीआर५ रॅमसाठी ५२००, तर चारसाठी अवघा ३६०० हा वेग दिला आहे, यावरून कल्पना यावी. चारही ठेवायच्या असतील, तर २९३३ किंवा २६६६ वर प्रयत्न करा. शक्य असल्यास त्या विकून १६ जीबीच्या दोन रॅमचा एकच संच घ्या, आणि बोर्डवर चार स्लॉट असल्यास, पुस्तिकेने वेगळे सांगितले नसेल तर, तो प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवा.

प्रश्न : इंटेल आय५-१०४०० आणि एच४१० बोर्डवर ३२०० ची रॅम २६६६ च्या पुढे जात नाही. — एक वाचक, पणजी

उत्तर : ती जाणारही नाही. या प्रोसेसरची अधिकृत मर्यादाच २६६६ आहे आणि एच४१० चिपसेट ती ओलांडू देत नाही. रॅम बदलण्यावर खर्च करू नये.