वाचक विचारतात : पावसाआधीची कॉलनीतली कामं

मे महिना संपत आला की या पानाकडे येणाऱ्या पत्रांत कचरा आणि पाणी हेच दोन विषय असतात. यंदा सांगली-मिरजेकडची पत्रं जास्त आहेत. त्यामुळे उत्तरंही काळ्या मातीची आणि कृष्णाकाठची आहेत. मुरमाड माळावर राहणाऱ्यांनी यातली मापं जशीच्या तशी उचलू नयेत.

प्रश्न : आमच्या ४० फ्लॅटच्या सोसायटीनं ओल्या कचऱ्यासाठी विटांचा हौद बांधला. दोन आठवडे बरं चाललं, आता वास येतो आणि अळ्या झाल्यात. तळमजल्यावरचे म्हणतात, हौद बुजवा. कल्चर (खत करणाऱ्या जिवाणूंचं विरजण) बदलून बघावं का? (एक वाचक, विश्रामबाग)

उत्तर : कल्चरचा यात काही दोष नाही, पैसे घालवू नका. आधी वास कोणता ते ओळखा. नाकाला झोंबणारा असेल तर सुका पाला कमी पडतोय. सडक्या अंड्यासारखा असेल तर तळाला पाणी साचलंय आणि आत हवा जात नाही. बहुतेक हौदांत दोन्ही एकदम असतं, कारण ओला कचरा बादलीनं पडतो आणि सुका मुठीनं भुरभुरवला जातो. प्रमाण बादलीला बादली हवं. कलिंगड-आंब्याच्या दिवसांत एका बादलीला दीड.

४० घरांचा ओला कचरा रोजचा २० किलोच्या आसपास धरा, म्हणजे १५ लिटरवाल्या जवळपास तीन बादल्या. तेवढाच सुका माल रोज लागणार, महिन्याला ९० बादल्या. तो आधी साठवला नसेल तर हौद बांधूच नये. आपल्याकडे सगळ्यात सोपं उसाचं पाचट. शेतात पेटवून देण्याऐवजी कुणीही आनंदानं ट्रॉलीभर देईल, मात्र तोडणी संपायच्या आत मागायला हवं. ते बोटभर लांबीचं तोडून घ्या. अख्खं टाकलं तर त्याची चटई होते आणि खालचं सगळं गुदमरतं. आत्ता पाचट मिळणार नाही, तेव्हा आवारातला वाळका पाला आणि वखारीतला भुसा निम्मा-निम्मा घ्या. नुसता भुसा दबून बसतो. प्लायवूडचा भुसा घेऊ नका, त्यात डिंक असतो.

दुसरी अडचण अशी की तुमचा हौद एकच आहे. रोज वरून ताजा कचरा पडत राहिला तर खालचं खत काढायचं कधी? तुमच्याएवढ्या सोसायटीला ४ फूट बाय ४ फूट, ३ फूट उंच असे तीन हौद लागतात. एक भरायला सुमारे महिना लागतो; तो झाकून ठेवायचा आणि दुसऱ्याकडे वळायचं. तिसरा भरेपर्यंत पहिल्यातलं खत चाळण्याजोगं होतं. भिंती सलग नकोत, विटांमध्ये फटी ठेवून जाळीदार बांधा. तळाला उतार आणि पाणी निघायला भोक, त्यावर वीतभर काटक्या किंवा नारळाच्या शेंड्या. वर पत्रा हवाच, चारी बाजूंनी फूटभर बाहेर आलेला. पावसाची तिरपी झड आत गेली की महिन्याची मेहनत वाया.

आज करायचं ते असं. हौद पूर्ण उपसा, जेवढा माल निघेल तेवढाच सुका पाला त्यात मिसळा, परत भरा, वर दोन-तीन इंच सुक्याचा थर द्या. मूठभर माल घट्ट पिळला तर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर आणखी सुका घाला, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. तीन-चार दिवसांनी मधोमध लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी काढा. हाताला चटका बसला तर काम सुरू झालं. पुढं आठवड्यातून एकदा दाताळ्यानं खालवर करायचं. अळ्यांवर फिनेल किंवा कीटकनाशक मारू नका. त्यानं अळ्यांबरोबर खत करणारे जिवाणूही मरतात. थर झाकलेला आणि आत गरम राहिला की अळ्या आपोआप कमी होतात. आमटी-रस्सा गाळून घ्या. हाडं घंटागाडीत द्या. निर्माल्यातला दोरा आणि जर आधी काढा, नाहीतर दाताळ्याला गुंडाळी होते.

प्रश्न : बंगल्यांच्या कॉलनीतल्या मोकळ्या जागेत असाच हौद बांधायचा आहे. कुणाला विचारावं लागतं? (कुपवाड)

उत्तर : ले-आउटमधली खुली जागा बहुधा महापालिकेच्या ताब्यात असते, कॉलनीच्या मंडळाच्या नाही. उतारा बघा आणि प्रभाग कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. तोंडी ‘करा की’वर बांधलेलं एका तक्रारीत पाडावं लागतं. मंडळाच्या ठरावात हौद बांधणाऱ्याचं नाही, रोज झाकण उघडणाऱ्याचं नाव आणि पगार लिहा.

प्रश्न : छपराचं पाणी जिरवायला पाच फुटांचा शोषखड्डा केला. पहिल्या पावसातच तो भरला आणि चार दिवस डासांची पैदास. काय चुकलं? (सांगलीवाडी)

उत्तर : जागा चुकली. कृष्णाकाठची काळी माती ओली झाली की फुगते आणि तिच्यातून पाणी जाता जात नाही. पलीकडे हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं कोरडी राहायची ती याच गुणामुळं. अशा मातीत खडी भरलेला खड्डा म्हणजे टाकीच झाली.

खणण्याआधी ही चाचणी करा. जिथपर्यंत खोल जायचं ठरवलंय त्या तळाला एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरून रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरली ते मोजा. इंचभरही उतरली नाही तर तिथं शोषखड्डा करू नका. काळी माती ओलांडून मुरूम लागत असेल तर खड्डा मुरमात किमान दोन-तीन फूट उतरला पाहिजे. इमारतीच्या पायापासून दहा फूट तरी लांब. जवळ केला तर फुगलेली माती भिंतीला तडे देते.

मुरूम हाती लागत नसेल तर साठवणं बरं. २००० चौरस फुटांच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर सात हजार लिटरच्या वर पाणी मिळतं. बोअरला सोडायचं असेल तर फक्त गच्चीचं सोडा. रस्त्याचं किंवा पार्किंगचं पाणी बोअरमध्ये गेलं की तेल आणि मैला थेट भूजलात जातो, आणि तो परत काढता येत नाही. पहिल्या सरीचं पाणी वेगळं काढायला लोक चार इंची पाईपचा उभा तुकडा लावतात, पण त्यात मीटरला आठच लिटर मावतात. एवढ्या गच्चीला २०० लिटरचा ड्रम हवा. गाळणीत खाली मोठी खडी, मध्ये बारीक खडी, वर जाड वाळू, आणि प्रत्येक थरामध्ये नायलॉनची जाळी. वाळूचा वरचा दोन इंच थर दरवर्षी मे महिन्यात खरवडून बदलायचा. हे कुणी करत नाही, म्हणून गाळण्या दुसऱ्या वर्षी तुंबतात.

प्रश्न : गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवले आणि कडुलिंब वाळायला लागला. (मिरज)

उत्तर : खोडाभोवती चारी बाजूंनी एक मीटर ब्लॉक आणि खालचं काँक्रीट काढा, माती हातानं भुसभुशीत करा, टिकाव घालू नका. माती खोडावर चढवायची नाही, साल कुजते. फांद्या तोडून झाड ‘हलकं’ करायचा सल्ला कुणी देईल. तो मानू नका; शहरात छाटणीलाही महापालिकेची परवानगी लागते.

प्रश्न : सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची जी पातळी मोजतात, तिच्यावरून आमच्या गल्लीत पाणी कधी येईल ते कसं कळणार? (दत्तनगर परिसर)

उत्तर : ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका हे आकडे शहरासाठी आहेत, तुमच्या उंबऱ्यासाठी नाहीत. २०१९च्या ऑगस्टमध्ये पातळी ५७ फुटांच्या पुढं गेली, तेव्हाची खूण भिंतीवर असेल तर तिथपासून लेव्हल पाईपनं (गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी) गल्लीतला सगळ्यात खालचा ड्रेनेजचा चेंबर किती खाली आहे ते मोजा. खूण चेंबरपेक्षा नऊ फूट वर असेल तर पुलाजवळ ४८च्या आसपास तुमचा चेंबर बोलू लागेल. नदीला उतार असतो, म्हणून हा अंदाज फूटभर अलीकडचा, म्हणजे ४७चा धरा.

पाणी रस्त्यावरून येण्याआधी ड्रेनेजमधून उलटं येतं. सोसायटीच्या शेवटच्या चेंबरमध्ये, महापालिकेच्या वाहिनीला जोडण्याआधी, उलट्या प्रवाहाला बंद होणारा झडपेचा व्हॉल्व्ह बसवा आणि जूनमध्ये त्याची झडप हातानं हलवून बघा. प्लास्टिकची एक पिशवी अडकली तरी ती बंद होत नाही. झडप बंद असेल तोवर घरातलं सांडपाणीही बाहेर जाणार नाही, हे तळमजल्याला आधीच सांगून ठेवा. खताचे हौद इशारा पातळीलाच रिकामे करा.

प्रश्न : पुरात बुडालेली सामाईक विहीर पुन्हा वापरायला कशी घ्यावी? (हरिपूर)

उत्तर : नदी उतरल्यावरच उपसा, नाहीतर कडा ढासळतात. डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन विहिरीत उतरवू नका, त्याच्या धुरानं माणसं दगावतात. गाळ निघून पाणी निवळलं की माप घ्या : व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले ७८५, म्हणजे लिटर. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरते. पुरानंतर पहिल्यांदा दुप्पट घ्या, म्हणजे या विहिरीला १४० ग्रॅम. पावडर नवी, बंद पाकिटातली हवी, उघडी राहिलेली निकामी होते. बादलीत पाण्यात कालवा, दहा मिनिटं थांबा, चुना तळाला बसू द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढून ती दोरीनं विहिरीत सोडा आणि खालवर हिंदकळा. चुना विहिरीत गेला तर पाणी जड होतं. तासाभरानं ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते ऑर्थोटोलिडीनच्या थेंबांनी बघणं) पिवळा रंग आला पाहिजे. नाही आला तर निम्मी मात्रा पुन्हा. रंग आला तरी प्यायचं पाणी महिनाभर उकळूनच.