वेळ होता, डोकं मोकळं नव्हतं

त्या माझ्याकडे समुपदेशनाला आल्या होत्या चिडचिडीसाठी. वय चाळीस ओलांडलेलं, डोंबिवलीला घर, फोर्टात एका बँकेत नोकरी; घरी नवरा, शाळेत जाणारी दोन मुलं आणि सासूबाई. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत, लिहायची परवानगी घेतली आहे.) लिहिण्याचा विषय बराच उशिरा निघाला, तोही आडून. कॉलेजात असताना त्यांची एक कथा दिवाळी अंकात आली होती. पुढे काही नाही. “दर जूनला मुलांच्या वह्या आणते तेव्हा माझ्यासाठी एक जास्तीची घेते. गणपतीपर्यंत तिच्यात दुधाचा हिशोब सुरू होतो.” आणि लगेच, “चूक माझीच आहे. रात्री तास-दीड तास रील्स बघत लोळते. वेळ नाही असं कोणत्या तोंडाने म्हणू?”

हे ऐकवणाऱ्या त्या एकट्या नाहीत. पेटी वाजवणारे, चित्रं काढणारे, एकेकाळी एकांकिका करणारे, सगळे हाच अपराधीपणा घेऊन येतात. त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे पहाटे पाचला उठा. हा सल्ला देणाऱ्यांच्या घरी डबे कोण करतं, ते एकदा विचारायला हवं. या बाई पाचलाच उठत होत्या.

आधी मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. जिना चढताना धाप लागते, केस गळतात, हे त्यांनी बोलता बोलता सांगितलं होतं. हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे ‘उत्साहच वाटत नाही’ या तक्रारीचं मूळ मनाइतकंच रक्तातही असू शकतं, आणि तिथे माझ्या गप्पांचा उपयोग नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या.

मग आठवडाभराची नोंद करायला सांगितली, पण वेळापत्रकासारखी नाही. पानाच्या एका बाजूला हात काय करत होते, दुसऱ्या बाजूला डोक्यात काय चालू होतं. पान घेऊन आल्या तेव्हा स्वतःच हसत होत्या. सकाळची लोकल, बसायला जागा मिळाली, हात मोकळे. डोक्यात: मटकी भिजत घातली का, गॅस नोंदवायचा, धाकटीच्या प्रोजेक्टला थर्माकोल, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या, शाळेच्या ग्रुपवर आज काय. परतीच्या गाडीत तेच, शिवाय रात्रीची भाजी. मोड आलेल्या मटकीची उसळ डब्यात द्यायची तर दोन दिवस आधी आठवावं लागतं. ते आठवणं घड्याळात कुठेच दिसत नाही. आणि रात्री साडेनऊला जे डोकं रील्सवर पडतं, त्याला मी आळस म्हणणार नाही. त्यात तेवढीच धुगधुगी उरलेली असते.

नणंदेने त्यांना बहिणाबाईंचं उदाहरण दिलं होतं: शेतात राबून, घर सांभाळून त्यांनी गाणी रचलीच ना! बहिणाबाईंचे कष्ट आपल्या कित्येक पट होते, यात शंका नाही. पण दळण-कांडणाच्या कामाला लय असते. हात गुंततात आणि मन सुटं राहतं. जात्यावरची ओवी त्यातूनच आली. लोकलमध्ये नेमकं उलट होतं. शिवाय बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी ती गाणी टिपून ठेवली, म्हणून १९५२मध्ये, त्या गेल्यानंतर, पुस्तक निघालं. लिहून घेणारं कोणीतरी घरात होतं, हे उदाहरण देणाऱ्यांना आठवत नाही.

पुढच्या भेटीला नवऱ्याला बोलावलं. भला माणूस. “मॅडम, मी हिला कधी अडवलंय का?” खरंच अडवलं नव्हतं. मी विचारलं, उद्या डब्याला काय आहे? त्यांनी बायकोकडे पाहिलं. २०१९च्या सरकारी वेळ-वापर पाहणीचे आकडे मी त्यांना सांगितले: घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. ते म्हणाले, “९७ तर मीपण करत नसेन.” हा प्रामाणिकपणा मला आवडला.

ठरलं ते इतकंच: आठवड्यातले तीन दिवस डबे नवऱ्याचे. मदत म्हणून नव्हे. काय करायचं हे ठरवणं, आणणं, भिजत घालणं, सगळंच त्यांच्याकडे. आणि बाईंनी आठवण करून द्यायची नाही. त्यांना सगळ्यात जड गेलं ते हेच. पहिल्या पंधरवड्यात मटकी आंबली, एकदा मुलं वडापाव खाऊन आली. त्या गप्प राहिल्या, पण ‘दात दुखेपर्यंत’.

लिहिण्यासाठी आम्ही वेळ नेमली नाही. परतीच्या गाडीत त्या तीन दिवशी, आणि बसायला मिळालं तरच, डब्यात कानावर पडलेलं एखादं वाक्य फोनमध्ये टिपायचं. कथा नाही, वाक्य. लेडीज डब्यात वाक्यांना तोटा नसतो. वाटाणे सोलता सोलता बायका जे बोलतात, ते कुठल्याही कथाकाराने कान देऊन ऐकावं असं असतं. काही आठवड्यांनी दोन वाक्यं एकमेकांना उत्तरं देऊ लागली आहेत, असं त्यांनी सांगितलं. मग एक बाई उभी राहिली, तिला नाव मिळालं.

मार्चमध्ये लिहायचं नाही, हे आम्ही जानेवारीतच ठरवून टाकलं. बँकेत वर्षअखेर असते. तेव्हा ‘थोडं तरी’ लिहायचं ठरवलं असतं, तर जमलं नाही म्हणून एप्रिलही गेला असता. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पुन्हा सुरू केलं.

मध्येच त्यांनी नोकरी सोडू का, असंही विचारलं होतं. हिमोग्लोबिन जागेवर येईपर्यंत इतका मोठा निर्णय घेऊ नका, असं मी सांगितलं. नंतर तो विषय निघाला नाही. कथा निम्मी झाली आहे. दिवाळी अंकांकडे साहित्य पावसाळ्यातच पोचवावं लागतं, म्हणून यंदा पाठवायची नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवलं. चिडचिड कमी आहे, गेलेली नाही. मुलाने डबे भरणं सासूबाईंना अजून पटत नाही. पुढच्या भेटीत सासूबाई स्वतः येणार आहेत.