फ्यूज बॉक्स हातात तुटून आला म्हणून अख्खं वायरिंग काढू नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडिलांची १९८३ची प्रीमियर पद्मिनी, शाहूपुरीत घराखाली उभी. २०१९च्या पुरात पाणी सीटच्या बुडापर्यंत आलेलं. तेव्हा धुऊन-पुसून चालू केलीत, मधली काही वर्षं फक्त गल्लीतल्या गल्लीत फिरवलीत. आता फ्यूज काढायला गेलात तर फ्यूज बॉक्सचा कोपराच हातात आला, आणि डॅशबोर्डमागचा एक कपलर (वायरी एकमेकींना जोडणारा प्लास्टिकचा खटका) सोडवताना खारी बिस्किटासारखा चुरा झाला. वायरमन म्हणतोय, सगळं उपसून टाकू, नवीन कीट टाकू, नव्या गाडीचा फ्यूज बॉक्स बसवू. आणि गाडी दसऱ्याच्या आत रस्त्यावर पाहिजे.

दसऱ्याचं समजतं. दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते त्या संध्याकाळी अख्ख्या कोल्हापूरला जुन्या गाड्यांचा उमाळा येतो, आणि दुसऱ्या दिवसापासून माझा फोन वाजायला लागतो. पण घाईत उपसलेलं वायरिंग परत नीट बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलंय. तुमच्या गाडीत पुराच्या रेषेखालचं बरंच बदलावं लागेल, वरचं बहुतेक सगळं वाचेल. हे ठरवायचं कसं, ते सांगतो.

प्लास्टिक तुटलेलं डोळ्यांना दिसतं म्हणून सगळे प्लास्टिकच्या मागे लागतात. मीही लागलो होतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी माझ्या पद्मिनीतून वैभववाडीहून करूळ घाट चढून येत होतो. रात्र, पाऊस, धुकं, आणि हेडलाइट गेले. फ्यूज बघितला तर शाबूत. बोटानं जागच्या जागी फिरवला, लाइट आले. पाच मिनिटांनी परत गेले. गगनबावड्यापर्यंत तीनदा उतरून फ्यूज फिरवला. दुसऱ्या दिवशी बघतो तर फ्यूज बॉक्स त्या जागी काळा पडून तडकलेला. जुन्या बाजारातून दुसरा रिकामा बॉक्स आणला, फ्यूज धरून ठेवणाऱ्या माझ्याच पितळी पत्त्या त्यात बसवल्या, खूश झालो. दोन महिन्यांत तोही तिथंच तडकला. मग डोक्यात उजेड पडला: बॉक्स आपोआप तडकत नव्हता, पत्ती त्याला भाजत होती. पितळेची पत्ती एकदा तापली की तिचा ताण जातो, ताण गेला की फ्यूजला पकड सैल, पकड सैल झाली की आणखी तापते.

हिशोब करून बघा. दोन हेडलाइट, प्रत्येकी ६० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. सैल, काळ्या पडलेल्या जोडात फक्त ०.१ ओहम रोध असला तर तिथं १ व्होल्ट पडतो आणि १० वॅटची उष्णता तयार होते. टेललाइटचे दोन बल्ब तुमच्या फ्यूज बॉक्सच्या पोटात सतत पेटवून ठेवल्यासारखं. त्यात बेकेलाइट किती दिवस तग धरणार?

म्हणून तुटलेला प्रत्येक तुकडा फेकायच्या आधी निरखून बघा. रंग सगळीकडे सारखा आणि कडेनं सरळ चीर असेल तर ते वयाचं दुखणं. तिथं नुसतं प्लास्टिक बदलून किंवा चिकटवून भागतं. एकाच पिनेभोवती तपकिरी-काळा डाग, फुगवटा किंवा जळका वास असेल तर दोष धातूत आहे. तिथं नवीन कपलर घालणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं.

आता मल्टीमीटर काढा. हेडलाइट लावा, एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं हेडलाइटच्या होल्डरमधल्या चालू टोकावर ठेवा. वाचन अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर वायरिंग म्हातारं असलं तरी ठणठणीत आहे. माझ्या गाडीत २.१ आलं होतं. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर बल्बचा उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो, त्यामुळे "जुन्या गाडीचे लाइट असेच मिणमिणते असतात" हे म्हणणं खरं तर वायरिंगची तक्रार असते. मग एकेक जोड ओलांडून मोजत जा: बॅटरी ते फ्यूज, फ्यूजच्या दोन टोकांत, स्विचच्या दोन टोकांत. आणि बल्बच्या अर्थपासून, म्हणजे बॉडीला जोडलेल्या टोकापासून, बॅटरीच्या मायनसपर्यंतही मोजा. पुराच्या गाड्यांत निम्मे भुताचे प्रकार अर्थचे असतात. इंडिकेटर दिला की टेललाइट मिचकावतो वगैरे. बॉडीला जिथं थिंबल (वायरच्या टोकाला दाबलेला धातूचा तुकडा) स्क्रूनं आवळलाय तिथला रंग-गंज खरवडून पत्रा चकचकीत करा, आवळा आणि वरून व्हॅसलीन फासा. निम्मी भुतं तिथंच उतरतात.

पुरात बुडलेल्या वायरींचं वेगळं असतं. वायर तुटली नसली तरी टोकातून पाणी आत शिरतं आणि तांब्याच्या तारांमधून दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं वर चढतं. त्यामुळे बाहेरून वायर नवीकोरी, आत काळी. टोकाकडून एक इंच सोला. तांबं लालसर चमकलं तर ठीक. काळं असेल तर आणखी एक इंच. चार-पाच इंच आत जाऊनही काळंच निघालं तर ती वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बदला, मधे सांधू नका. काळ्या तांब्याला डाखही (सोल्डर) नीट लागत नाही. सीटखालून डिकीकडे जाणारा गठ्ठा, म्हणजे टेललाइट, पेट्रोलच्या काट्याची वायर, नंबर प्लेटचा दिवा, हा तुमच्या गाडीत मी न सोलताच बदलायचा धरला असता.

बदलताना एका वेळी एकच वायर काढा आणि जागेवरच तिची जोडीदार ओढा. रंग मूळचाच ठेवा. आपल्याकडे वस्ताद लोकांची एक खोड आहे: लाल वायरचं एक बंडल आणायचं आणि अख्खी गाडी लालेलाल करून टाकायची. पुढच्या वेळी बिघाड शोधताना तोच वस्ताद शिव्या देतो. घरातल्या लाइट फिटिंगची वायरही नको. जाड तारांची वायर गाडीच्या थरथरीत तुटते. बारीक तारांची ऑटो वायर घ्या: छोट्या दिव्यांना १ चौरस मिलिमीटर, हेडलाइटला २.५, चार्जिंगला ६. टोकाला थिंबल चांगल्या क्रिम्पिंगच्या पकडीनं दाबा. डाख दिलाच तर लक्षात ठेवा, डाख जिथं संपतो तिथं वायर ताठ होते आणि नेमकी तिथंच थरथरून तुटते. म्हणून त्याच्या पुढं दोन-तीन इंचांवर ती बांधून घ्या. वरून हीट-श्रिंक स्लीव्ह. काळी टेप नको. एप्रिलमध्ये बॉनेटखाली तिचा डिंक होतो आणि नंतर हात लावणाऱ्याच्या बोटांना तो आठवडाभर पुरतो.

कपलर सोडवण्याचं तंत्र मात्र वेगळं शिकावं लागतं. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्यात मऊ राहण्यासाठी तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं, ते उष्णतेनं वर्षानुवर्षं उडून जातं. एकदा गेलं की परत येत नाही. एरंडेल चोळा, सिलिकॉन मारा, चार दिवस चकाकतं, बस्स. पण अजून तुटलं नसेल तर गरम केल्यावर ते तेवढ्यापुरतं लवचीक होतं. म्हणून कपलर थंडीतल्या सकाळी कधी सोडवू नका. केस वाळवायचा ड्रायर पाच मिनिटं मारा, किंवा गाडी दुपारी उन्हात लावा आणि मग काम करा. लॉकच्या जिभेखाली बारीक पेचकस घाला, वायर धरून ओढू नका. गरम करून सोडवण्याचं हे तंत्र पीव्हीसी आणि नायलॉनला लागू. बेकेलाइट तापवून मऊ होतच नाही, तो फक्त जळतो. ओळखायचं असेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात तापलेली सुई टोचा: नायलॉन वितळून सुई आत जाते, बेकेलाइटवर नुसता धूर आणि उग्र वास येतो.

काम सुरू करायच्या आधी बॅटरीचं अर्थचं टोक काढा, हे सांगायला नको. तुमच्या पद्मिनीत ते मायनस आहे. पण हे वाचणाऱ्यांत कुणाकडे अगदी जुनी इंग्रजी गाडी असेल तर आधी बघून घ्या. त्या काळी प्लस अर्थ असायचा.

आता तुमचा फ्यूज बॉक्स. कोपरा तुटलाय आणि पत्त्या ठीक असतील, तर संथ सुकणारं अराल्डाइट वापरा. तुकडे आधी साबणानं धुवा, वाळवा, कडा खरबरीत करा, चोवीस तास हलवू नका. पाच मिनिटांत सुकणारं उष्णतेला लवकर दम सोडतं, आणि फेविक्विक तर इथं नकोच, ते स्वतःच काचेसारखं ठिसूळ होतं. पत्त्या काळ्या, सैल असतील तर त्या आवळून काही होणार नाही. उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत जा. मी माझ्या गाडीला शेवटी तेच केलं: हायलम शीटचा (बेकेलाइटच्या जातीच्या कडक पत्र्याचा) तुकडा जुन्या बॉक्सच्या मापानं कापून घेतला, भोकं पाडून घेतली आणि फॉस्फर ब्राँझच्या पट्टीच्या पत्त्या वाकवून रिव्हेट केल्या. टर्नरनं विचारलं, "एवढ्यासाठी? नवा मिळत नाही का?" मग स्वतःच अर्धा तास खपून कडा घासून दिल्या. तो बॉक्स अजून गाडीत आहे.

थ्रीडी प्रिंटचा पर्यायही आता आहे, एका इंजिनिअरिंगच्या पोरानं मला डॅशचा खटका हुबेहूब काढून दिला. पण पहिला पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये काढला होता. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात गाडी दुपारभर रंकाळ्यावर उभी राहिली आणि खटका वाळलेल्या भेंडीसारखा वाकडा. दुसरा एबीएसमध्ये काढला, तो टिकला. बॉनेटखाली दोन्ही नकोत.

फ्यूजबद्दल एक. फियाटच्या वंशातल्या या गाड्यांत टोकदार तोंडाचे चिनी मातीचे फ्यूज असतात: पिवळा ५ अँपिअर, पांढरा ८, लाल १६, निळा २५. पांढरा उडतोय म्हणून लाल घालणारे, किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळणारे महाभाग आपल्यात आहेत, त्यांच्या गाडीत मग वायर हाच फ्यूज होतो. अँबॅसेडरवाल्यांनी तर आणखी जपून राहावं: जुन्या लुकास पद्धतीच्या काचेच्या फ्यूजवरचा ३५ हा आकडा उडण्याचा आहे, सतत तो १७ अँपिअरच सोसतो. त्याच्या जागी आजचा ३५चा फ्यूज घातला तर संरक्षण निम्मं झालं.

वायरमनच्या सूचनेला मी सरसकट नाव ठेवणार नाही. गाडी रोज वापरणार असाल तर नव्या पद्धतीचा पात्यांच्या फ्यूजचा छोटा बॉक्स डॅशखाली न दिसेल असा बसवा. ८च्या जागी ७.५, १६च्या जागी १५. तेही फक्त हेडलाइट आणि हॉर्नसाठी. त्याच वेळी हेडलाइटला दोन रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) लावा, एक हायला आणि एक डिपरला. मुळात हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या त्या बिचाऱ्या स्विचमधून जातो. त्यात कुणी १००/९० वॅटचे बल्ब ठोकले की १६ अँपिअरच्या वर. स्विचच्या आतलं प्लास्टिक का वितळतं ते कळलं असेल. रिले लावल्यावर स्विचला फक्त इशारा द्यायचा राहतो आणि मूळ स्विच, जो आता सहज मिळत नाही, तो वाचतो. जाड वायर बॅटरीकडून फ्यूजमधून रिलेच्या ३० नंबरच्या टोकावर, ८७वरून बल्बला, जुनी हेडलाइटची वायर ८६ला, ८५ अर्थला. जुनी वायरिंग न कापता हे होतं, आणि उद्या मन बदललं तर काढताही येतं.

काही गोष्टींना मात्र चिकटवाचिकटवी करायची नाही: डिस्ट्रिब्युटरची टोपी, रोटर, कॉइलचं डोकं, प्लगच्या वायरी. तिथं हजारो व्होल्ट असतात. केसाएवढ्या चिरेत पावसाळी दमट हवा बसली की ठिणगी तिथून पळते आणि मागे कोळशाची रेघ सोडते, मग ती रेघच वायर होते. रात्री अंधारात बॉनेट उघडून गाडी चालू ठेवा, निळ्या मुंग्या दिसल्या तर टोपी बदला. पण "जुना पण न वापरलेला माल, पॅकबंद" म्हणून कुणी चाळीस वर्षांपूर्वीच्या प्लगच्या वायरी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. बेकेलाइटची टोपी पाकिटात टिकते, रबर पाकिटातही म्हातारं होतं.

सगळं जोडून झालं की बॅटरी थेट लावू नका. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब बॅटरीच्या मायनस टोकात आणि अर्थच्या केबलमध्ये ओळीनं जोडा, सगळे स्विच बंद ठेवून. बल्ब पेटला नाही तर पुढं जा, एकेक स्विच लावून बघत जा. टेललाइट लावले की तो मंद पेटेल, ते बरोबर आहे. पण सगळं बंद असताना लख्ख पेटला तर कुठंतरी शॉर्ट आहे. आणि या गाड्यांत इग्निशन आणि चार्जिंगच्या वायरींना बहुधा फ्यूज नसतोच, त्यामुळे ती चूक बल्बनं पकडलेली बरी. बल्ब मधे असताना सेल्फ मारू नका, नुसता कट्ट आवाज येईल आणि तुम्ही उगाच घाबराल.

फ्यूज बॉक्सच्या मागच्या बाजूचा आणि त्या चुरा झालेल्या कपलरच्या पिनांचा जवळून फोटो टाका. सोबत हेडलाइट लावून घेतलेलं व्होल्टेजचं वाचन लिहा, दोन्ही बाजूंचं वेगवेगळं. मग दसऱ्याचं जमेल की पाडव्याचं, ते सांगतो.