साइडलिंकमध्ये बॅटरी कुठे जाते?

आधी हे पक्कं करा: साइडलिंकमध्ये (५जीमध्ये टॉवरशिवाय उपकरणांनी एकमेकांशी थेट बोलण्याची सोय) बॅटरी बहुतेक वेळा पाठवण्यापेक्षा सतत ऐकत राहण्यातच संपते. ५जी मानकाच्या रिलीज १६ या आवृत्तीतलं साइडलिंक मुख्यतः गाड्यांसाठी होतं, तिथे विजेची फारशी चिंता नव्हती. हातातल्या उपकरणांसाठी रिलीज १७मध्ये डीआरएक्स (ठरावीक वेळीच जागं होऊन ऐकणं, बाकी वेळ झोपणं) आणि आंशिक सेन्सिंग (पाठवण्याआधी चॅनल मोकळा आहे का, हे सतत न ऐकता थोड्याच वेळा तपासणं) आलं. डीआरएक्स लावताना दोन्ही उपकरणांच्या जागं राहण्याच्या वेळा जुळवाच. एक पाठवतंय आणि दुसरं झोपलंय, असं झालं तर वाचवलेली वीज पुन्हापुन्हा पाठवण्यात जाते. सेन्सिंग सोडून चॅनलमधल्या जागेची रँडम निवड स्वस्त पडते खरी, पण गर्दीत टकरा वाढतात. मी तरी आंशिक सेन्सिंगच घेईन. साइडलिंकवरून उपकरणाचं ठिकाण मोजणाऱ्या पोझिशनिंगला (रिलीज १८) अचूकतेसाठी रुंद बँडविड्थ लागते आणि ती वीज खाते. उपकरण स्थिर असेल तर मोजमापं बिनधास्त विरळ करा.